इंकजेट कॅनव्हास कसा निवडावा: छायाचित्रे आणि चित्रांच्या प्रती छापू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

छायाचित्र किंवा चित्राची प्रत कॅनव्हासवर छापायचे ठरले की नवखा माणूस बहुधा सर्वप्रथम कापड चाचपून पाहतो. ते जाड आहे का, सुती आहे का, दणकट वाटते का, एवढ्यावर तो निवड करून मोकळा होतो. कापड महत्त्वाचे आहेच, परंतु इंकजेट प्रिंटरच्या शाईचा थेंब कापडापर्यंत पोहोचतच नाही. तो पडतो कापडावर दिलेल्या लेपावर. शाई किती शोषली जाईल, काळा रंग किती गडद दिसेल, कडेला भेगा पडतील की नाही, काही वर्षांनी पांढरा भाग पिवळट होईल की नाही, या बहुतेक प्रश्नांची उत्तरे त्या लेपात असतात. म्हणून पुढील प्रत्येक पायरीवर कापडाबरोबरच, आणि बऱ्याचदा कापडाच्या आधी, लेपाचा विचार केलेला आढळेल.

याच कारणामुळे तैलरंगांसाठी मिळणारा तयार कॅनव्हास प्रिंटरमध्ये घालून चालत नाही. त्यावरचा पांढरा थर ब्रशने लावलेल्या रंगाला धरून ठेवण्यासाठी केलेला असतो. इंकजेटची पातळ शाई त्यावर पसरते, थेंब एकमेकांत मिसळतात आणि कडा विस्कटतात. वेष्टनावर इंकजेटसाठी असल्याचा स्पष्ट उल्लेख नसेल, तर तो कॅनव्हास कितीही सुंदर असला तरी बाजूला ठेवावा.

पहिली पायरी: आपला प्रिंटर आणि त्यातील शाई ओळखा

इंकजेट म्हणजे एकच तंत्र नव्हे. घरच्या किंवा स्टुडिओतील फोटो प्रिंटरमध्ये पाण्यावर आधारित शाई असते. मोठे फलक छापणाऱ्या यंत्रांत इको-सॉल्व्हंट, लॅटेक्स किंवा यूव्ही शाई असते. या प्रत्येकीसाठी कॅनव्हासवरचा लेप वेगळा असतो. सॉल्व्हंट शाईसाठी बनवलेला कॅनव्हास पाण्याच्या शाईच्या प्रिंटरमध्ये घातला, तर शाई वर तरंगत राहते आणि तासन्‌तास वाळत नाही. वेष्टनावर कोणत्या शाईसाठी हा लेप आहे ते लिहिलेले असते. खरेदीपूर्वी पाहायची पहिली ओळ तीच होय.

पाण्याच्या शाईतही दोन प्रकार आहेत. रंगद्रव्याची, म्हणजे पिगमेंट शाई, आणि विरघळलेल्या रंगाची, म्हणजे डाय शाई. पिगमेंट शाईत रंगाचे सूक्ष्म कण लेपाच्या पृष्ठभागाजवळ बसतात. ते प्रकाशाला अधिक काळ तोंड देतात, मात्र घासले गेल्यास खरवडू शकतात. डाय शाई लेपात मुरते. तिचे रंग ताजेपणी अत्यंत तेजस्वी दिसतात, परंतु प्रकाश आणि हवेतील ओझोन यांमुळे ती सहसा लवकर फिकटते. कॅनव्हास बहुतेक वेळा काचेविना टांगला जातो, म्हणून हवेचा आणि धुळीचा मारा त्याच्यावर थेट होतो. विकण्यासाठी, भेट देण्यासाठी किंवा वर्षानुवर्षे भिंतीवर राहावे यासाठी छापायचे असेल, तर माझ्या मते पिगमेंट शाईचा प्रिंटर ही पूर्वअट समजावी. डाय शाईवर सराव जरूर करावा, पण टिकाऊपणाचे आश्वासन देऊ नये.

आणखी एक बारकावा काळ्या शाईचा. पिगमेंट शाईच्या अनेक प्रिंटरमध्ये दोन काळ्या शाया असतात: मॅट पृष्ठभागासाठी मॅट ब्लॅक आणि चमकदार पृष्ठभागासाठी फोटो ब्लॅक. मॅट कॅनव्हासवर चुकून फोटो ब्लॅक वापरली गेली तर काळा रंग धुरकट राखाडी दिसतो, आणि नवखा माणूस दोष कॅनव्हासला देतो. काही प्रिंटरमध्ये या दोन शायांची अदलाबदल करताना थोडी शाई वाया जाते. तुमचा प्रिंटर त्यांपैकी असेल, तर जी काळी शाई तुम्ही कागदासाठी नेहमी वापरता तिलाच जुळणारा कॅनव्हास निवडणे सोयीचे ठरते.

दुसरी पायरी: पृष्ठभागाची चमक ठरवा

मॅट, सॅटिन किंवा लस्टर, आणि ग्लॉस असे तीन प्रकार सर्वसाधारणपणे मिळतात. चमक ही केवळ आवडीची बाब नाही, कारण तिच्यावर काळ्या रंगाची खोली अवलंबून असते. ही खोली घनतेच्या आकड्यात सांगतात; आकडा जितका मोठा तितका काळा रंग गडद. वार्निश न केलेल्या मॅट कॅनव्हासवर ती साधारण १.५ ते १.७ च्या आसपास राहते, तर चमकदार पृष्ठभागावर २ च्या वर जाऊ शकते. आकड्यांतला हा फरक लहान वाटतो, पण मोजपट्टी लॉगॅरिदमिक, म्हणजे पटींत वाढणारी, असल्यामुळे रात्रीच्या दृश्यात किंवा गडद व्यक्तिचित्रात तो चटकन डोळ्यांत भरतो.

मग सगळेच ग्लॉस का घेत नाहीत? एक तर चमकदार कॅनव्हासवर खिडकीचे आणि दिव्यांचे प्रतिबिंब पडते, आणि कापडाचा पोत प्रत्येक गाठीवर एक चकाकणारा ठिपका उमटवतो. दुसरे म्हणजे पिगमेंट शाई चमकदार लेपावर असमान चकाकते: जिथे शाई जास्त तिथे एक झळाळी, जिथे कोरा पांढरा भाग तिथे दुसरी. तिरप्या प्रकाशात काळ्या भागावर तांबूस छटाही दिसू शकते. तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते: चमकदार लेप तुलनेने ठिसूळ असतो आणि कॅनव्हास ज्या लाकडी चौकटीवर ताणतात तिच्या कडेवर वाकवताना त्याला भेगा पडण्याची शक्यता अधिक असते.

जलरंग, पेस्टल किंवा रेखाटने यांच्या प्रतींसाठी मॅट शोभतो. तैलचित्रांच्या प्रतींसाठी सॅटिन, किंवा वार्निश केलेला मॅट, मूळच्या जवळ जातो. छायाचित्रांच्या बाबतीत नवख्याने सुरुवात मॅटपासूनच करावी आणि वर सॅटिन वार्निश द्यायला शिकावे, असा माझा सल्ला आहे. वार्निश दिल्यावर मॅट कॅनव्हासवरील काळा रंग लक्षणीय गडद होतो, रंग उठून दिसतात आणि संरक्षणही मिळते; शिवाय शेवटची चमक किती ठेवायची हे आपल्या हातात राहते. वार्निश करायची तयारी किंवा जागाच नसेल, तर मात्र वार्निशविना वापरता येईल असा सॅटिन कॅनव्हास घेणे शहाणपणाचे.

तिसरी पायरी: कापड, वीण आणि वजन

कापड सुती असते, पॉलिएस्टरचे असते, किंवा दोन्हींचे मिश्रण असते. सुती कापडाला चित्रकलेची परंपरा आहे, त्याचा स्पर्श जिवंत वाटतो, आणि त्यात अधूनमधून दिसणारी धाग्याची गाठ किंवा सरकीच्या कवचाचा तपकिरी कण काहींना आवडतो. मात्र सूत हवेतील ओलाव्याप्रमाणे फुगते आणि आकसते, त्यामुळे ताणलेले चित्र काही महिन्यांनी सैल पडू शकते. पॉलिएस्टर आकारमान फारसे बदलत नाही आणि त्याचा पोत एकसारखा असतो, पण ते काहीसे यांत्रिक दिसते. मिश्रणात दोघांचे गुण बऱ्यापैकी एकत्र येतात, आणि आज उत्तम प्रतीच्या कॅनव्हासांतही मिश्रण सर्रास आढळते. केवळ सुती नाही म्हणून त्याला कमअस्सल ठरवू नये.

विणीचे दोन प्रकार लक्षात ठेवावेत. एकास एक विणीत प्रत्येक उभा धागा प्रत्येक आडव्या धाग्याच्या एकदा वरून आणि एकदा खालून जातो. पोत बारीक आणि समान दिसतो. दोनास एक विणीत धागे जोडीने जातात. कापड भक्कम होते आणि पोत अधिक ठसठशीत उमटतो. चेहरे, बारीक फांद्या, इमारतींच्या खिडक्यांच्या रांगा अशा विषयांत ठसठशीत पोत तपशिलाशी भांडतो. मोठ्या आकाराच्या निसर्गदृश्यात तोच पोत चित्राला शरीर देतो.

वजन जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम, असे सांगतात. चांगले इंकजेट कॅनव्हास साधारण ३४० ते ४५० जीएसएमच्या दरम्यान असतात. येथे एक गैरसमज दूर करायला हवा. या वजनात लेपही धरलेला असतो. म्हणून ४५० जीएसएमचा कॅनव्हास ३८० जीएसएमच्या कॅनव्हासपेक्षा मजबूत कापडाचा असेलच असे नाही; कदाचित त्यावरचा लेपच जाड असेल, आणि जाड लेप घडीवर लवकर तडकू शकतो. मोठ्या चौकटींसाठी फार हलका कॅनव्हास नको, एवढे पथ्य पाळले की वजनाच्या आकड्यावर फार वेळ घालवू नये.

चौथी पायरी: पांढरेपणामागे काय आहे ते तपासा

दुकानात दोन नमुने शेजारी ठेवले की अधिक शुभ्र दिसणारा नमुना डोळ्याला सहज आवडतो. ही शुभ्रता कधी लेपातील टायटॅनियम डायऑक्साइडसारख्या पांढऱ्या रंगद्रव्यामुळे येते, तर कधी ऑप्टिकल ब्रायटनर नावाच्या रसायनांमुळे. ही रसायने अतिनील किरण शोषून घेतात आणि त्याऐवजी निळसर प्रकाश बाहेर टाकतात. त्यामुळे पृष्ठभाग पांढऱ्याहून पांढरा भासतो. कपडे धुण्याच्या पावडरीत हीच युक्ती असते.

यात अडचणी दोन आहेत. ही रसायने प्रकाशात हळूहळू निकामी होतात, आणि ती निकामी झाली की लेपाचा मूळचा उबदार, किंचित पिवळट रंग उघडा पडतो. शाई जशीच्या तशी टिकूनही चित्राचे उजळ भाग तेव्हा पिवळे पडल्यासारखे दिसतात. दुसरी अडचण पहिल्याच दिवसापासूनची आहे. बहुतेक पांढऱ्या एलईडी दिव्यांच्या प्रकाशात अतिनील किरण जवळजवळ नसतात, म्हणून खिडकीपाशी झगमगणारा कॅनव्हास बैठकीच्या खोलीत निस्तेज वाटू शकतो. त्यावर अतिनील किरण अडवणारे वार्निश दिले तर ब्रायटनरपर्यंत त्याचे खाद्यच पोहोचत नाही, आणि ज्या शुभ्रतेसाठी आपण तो कॅनव्हास घेतला ती आपणच झाकून टाकतो.

तपासणी सोपी आहे. अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्चचा प्रकाश नमुन्यावर टाकावा. ब्रायटनर असेल तर पृष्ठभाग निळा-जांभळा चमकेल. नसेल तर मंद, जवळजवळ काळपट राहील. (याच वेळी आपल्या अंगातला पांढरा सदरा दिव्यासारखा चमकू लागला तर घाबरू नये, ते धुलाईचे श्रेय.) कॅनव्हासची मागची बाजूही पाहावी, कारण कधी कधी ब्रायटनर लेपात नसून धाग्यात असते, आणि ते तुलनेने कमी त्रासदायक ठरते.

ब्रायटनर असलेला कॅनव्हास सदैव टाळावा असे मी म्हणणार नाही. एखाद्या समारंभासाठी किंवा वर्षभराच्या सजावटीसाठी तो उत्तमच दिसतो. चित्राची मर्यादित आवृत्ती काढून तिच्यावर सही करायची असेल, तर मात्र ब्रायटनरविरहित आणि आम्लमुक्त कॅनव्हास घ्यावा.

वेष्टनावरील भारदस्त शब्दांबद्दल येथेच थोडे सांगतो. ‘म्युझियम ग्रेड’ किंवा ‘आर्काइव्हल’ हे शब्द सगळ्या उत्पादकांवर सारखेच बंधनकारक असतील असे समजू नये. कायमस्वरूपी कागदासाठी आयएसओ ९७०६ हे मानक आहे, पण ते नावाप्रमाणे कागदासाठी आहे, कॅनव्हाससाठी नाही. ‘जिक्ले’ हा शब्द तर जॅक डुगॅन यांनी १९९१ मध्ये नॅश एडिशन्स या छपाईगृहात, आयरिस या इंकजेट प्रिंटरवर काढलेल्या कलाकृतींना प्रतिष्ठित नाव हवे म्हणून घडवला होता. त्या यंत्रांतील सुरुवातीच्या शाया डाय प्रकारच्या होत्या आणि प्रकाशात फिकटत असत. तेव्हा वेष्टनावरचा तो शब्द टिकाऊपणाबद्दल काहीच सांगत नाही. विल्हेम इमेजिंग रिसर्चसारख्या प्रयोगशाळा टिकाऊपणाचे जे वर्षांचे आकडे देतात ते अधिक उपयोगी असतात, परंतु तेही विशिष्ट शाई आणि विशिष्ट पृष्ठभाग यांच्या जोडीसाठी, ठरावीक प्रकाशमान गृहीत धरून काढलेले असतात. काचेमागे ठेवलेल्या प्रतीचा आकडा उघड्या कॅनव्हासला लावणे चूक आहे.

पाचवी पायरी: चौकट आधी ठरवा, मग रुंदी

कॅनव्हास लाकडी पट्ट्यांवर ताणून मागे स्टेपल करायचा असेल, तर चित्राच्या मापापेक्षा बरेच जास्त कापड लागते, आणि हा हिशेब विसरल्यामुळे चुकीच्या रुंदीचा रोल घरी आणणारे मी अनेक पाहिले आहेत. पट्टीची जाडी अधिक मागे वळवायचे सुमारे १ इंच, हे प्रत्येक बाजूचे किमान माप. चिमट्याने धरून ओढायला आणखी अर्धा इंच हाताशी असावा. दीड इंच जाडीच्या पट्टीसाठी त्यामुळे प्रत्येक बाजूला ३ इंच धरावेत.

उदाहरणार्थ, २४ × १६ इंचांचे चित्र दीड इंची पट्टीवर ताणायचे आहे. कापड लागेल ३० × २२ इंच, आणि ते २४ इंची रोलवर बसेल. चित्राची लहान बाजू २० इंच केली की रुंदी २६ इंच होते, आणि २४ इंची प्रिंटर अपुरा पडतो. १७ इंची प्रिंटर असलेल्याने दीड इंची पट्टीवर ११ इंचांहून मोठी लहान बाजू धरू नये. पाऊण इंची पट्टी घेतल्यास हीच मर्यादा साडेबारा इंचांपर्यंत जाते. रोलच्या मधल्या नळीचा व्यासही पाहून घ्यावा. तो सहसा २ किंवा ३ इंच असतो, आणि प्रिंटरच्या दांड्याला तो जुळावा लागतो. रोलच परवडत नसेल किंवा प्रिंटरमध्ये रोलची सोय नसेल, तर सुटे कॅनव्हास ए४ आणि १३ × १९ इंचांच्या मापांत मिळतात. सरावाला ते पुरेसे आहेत.

पट्टीच्या बाजूंवर काय दिसणार हेही आताच ठरवावे. चित्रच बाजूंवर वळवले तर कडेजवळचा हात, सही किंवा कळस वळणावर जातो. त्याऐवजी कडेचा भाग आरशासारखा उलटा करून बाजूंवर छापता येतो, किंवा बाजू एका रंगात ठेवता येतात. चित्राच्या प्रतींसाठी मला एकरंगी बाजू बऱ्या वाटतात, कारण चित्रकाराने जे काढले नाही ते आपण वाढवत नाही.

वळणावरच्या भेगांचा धडा मी माझ्याच चुकीतून शिकलो. रात्रीच्या आकाशाचे एक छायाचित्र ग्लॉस कॅनव्हासवर छापून, थंडीच्या दिवसांत, छपाईच्याच संध्याकाळी मी ते ताणायला घेतले. बाजू जवळजवळ काळ्या होत्या. दोन कोपऱ्यांत घडी घालताच पांढऱ्या रेषांचे जाळे उमटले. लेप तडकून खालचा पांढरा थर उघडा पडला होता. काळ्या ॲक्रिलिक रंगाने मी ते झाकले, पण तिरप्या प्रकाशात ते दिसतेच. लेप थंडीत अधिक ठिसूळ होतो. आता मी चित्र किमान एक दिवस वाळू देतो, वार्निश देतो, उबदार खोलीत ताणतो आणि गडद बाजू असतील तर ग्लॉस कॅनव्हास घेतच नाही.

सहावी पायरी: पूर्ण रोल घेण्याआधी नमुना छळून पाहा

बहुतेक उत्पादक नमुन्यांचे छोटे संच देतात. दोन किंवा तीन कॅनव्हास निवडून त्या प्रत्येकावर एकच चाचणीचित्र छापावे. त्यात त्वचेचा रंग, आकाशासारखा सलग उतरता रंग, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत राखाडी पट्ट्या आणि एक मोठा भरीव काळा चौकोन एवढे असावे. छापल्यावर चोवीस तास थांबून पुढील गोष्टी कराव्यात.

काळा चौकोन पट्टीच्या काटकोनी कडेवर घट्ट वाकवावा आणि भिंगाने पाहावा. भेगा दिसल्यास तीच जागा दुहेरी घडी घालून पुन्हा तपासावी, कारण कोपऱ्यात कापडाची घडी अशीच बसणार आहे. मग नखाने हलकेच ओरखडा ओढावा. मॅटवर चकाकणारी रेघ उमटणे स्वाभाविक आहे, शाई निघून पांढरे दिसणे वाईट. गडद भागावर कागदी चिकटपट्टी लावून काढावी. तिच्याबरोबर लेपाचे कण निघाले तर तो कॅनव्हास नाकारावा. पाण्याचा एक थेंब टाकून मिनिटभराने कापसाने टिपावा आणि रंग कापसावर किती येतो ते पाहावे. थोडा रंग आला तरी चालेल, कारण वर वार्निश येणार आहे; परंतु पाण्यावर आधारित वार्निश वापरायचे असेल आणि शाई पसरतच असेल, तर ती जोडी जुळणार नाही.

शेवटी कोरा नमुना खिडकीच्या उजेडासमोर धरावा. लेपातील सुईच्या टोकाएवढी छिद्रे, जाड गाठी आणि विरळ वीण तेव्हा स्पष्ट दिसते. राखाडी पट्ट्यांत सर्वांत गडद दोन-तीन पट्ट्या वेगळ्या ओळखू येतात का हेही पाहावे. त्या एकच काळी पट्टी वाटत असतील तर शाईचे प्रमाण त्या लेपाला जास्त होत आहे किंवा प्रोफाइल, म्हणजे प्रिंटरला दिलेले त्या कॅनव्हासचे रंगवर्णन (ते पुढच्या पायरीत येईल), चुकीची आहे.

प्रत्येक नमुन्याच्या मागे पेन्सिलीने कॅनव्हासचे नाव, प्रिंटरमधील मीडिया सेटिंग (छपाईच्या पृष्ठभागाचा प्रकार निवडण्याचा पर्याय), प्रोफाइल आणि तारीख लिहावी. कंटाळवाणे काम आहे, पण महिन्याभराने तीन पांढरी कापडे हातात घेऊन कोणते कोणते हे आठवत बसण्यापेक्षा बरे.

सातवी पायरी: पहिली छपाई

आयसीसी प्रोफाइल म्हणजे विशिष्ट प्रिंटर, शाई आणि पृष्ठभाग यांच्या त्रिकुटाचे रंगवर्णन. कॅनव्हासचा उत्पादक तुमच्या प्रिंटरसाठी ती देतो का, हे खरेदीपूर्वीच पाहावे. नवख्याला स्वतः प्रोफाइल बनवण्याचे उपकरण लागत नाही, पण तयार प्रोफाइल नसलेला कॅनव्हास त्याने घेऊही नये. प्रोफाइलबरोबर कोणते मीडिया सेटिंग निवडायचे तेही लिहिलेले असते. ते बदलले की शाईचे प्रमाण बदलते आणि प्रोफाइल निरुपयोगी होते. रंगांचे नियंत्रण छपाईच्या सॉफ्टवेअरकडे द्यावे आणि प्रिंटरमधील स्वयंचलित रंगदुरुस्ती बंद ठेवावी. दोन्ही चालू राहिले तर रंगांवर दुहेरी संस्कार होतो आणि चेहरे तांबडेलाल निघतात.

प्रोफाइल लावून पडद्यावर पूर्वदर्शन घेतले की चित्र एकदम फिके वाटते. मॅट कॅनव्हासच्या मर्यादा आपल्याला दिसत असतात. तेव्हा सावल्यांचे भाग थोडे उजळावेत; काळोखातला तपशील कागदापेक्षा कॅनव्हासवर लवकर बुडतो.

रेझोल्यूशनची चिंता मात्र नवखे गरजेपेक्षा जास्त करतात. कापडाचा पोत स्वतःच बारीक तपशील गिळतो, म्हणून अंतिम मापावर १५० ते २०० पीपीआय, म्हणजे एका इंचात तितके पिक्सेल, कॅनव्हासला सहसा पुरतात. २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचे ६००० × ४००० पिक्सेलचे छायाचित्र २०० पीपीआयला ३० × २० इंच होते आणि १५० पीपीआयला सुमारे ४० × २७ इंच. धारदारपणा कागदापेक्षा किंचित अधिक दिला तरी चालतो.

यंत्राच्या बाबतीत कॅनव्हास जाड असल्याने प्रिंटरमधील जाडीचे किंवा प्लॅटन गॅपचे (हेड आणि पृष्ठभागाचा आधार यांतील अंतराचे) सेटिंग वाढवावे, नाहीतर छपाईचे हेड पृष्ठभागाला घासून काळे डाग पडतात, आणि वारंवार घासल्यास हेड कायमचे बिघडू शकते. छापण्यापूर्वी मऊ ब्रशने पृष्ठभाग झटकावा. सुताचा एखादा तंतू किंवा लेपाचा सुटा कण छपाईच्या वेळी वर राहिला आणि नंतर गळून पडला की तेथे पांढरा ठिपका राहतो. कॅनव्हासवर प्रिंटरचे स्वयंचलित पाते बंद ठेवून मी कात्रीने कापतो. धाग्यांनी पाते लवकर बोथट होते आणि पडलेला भुसा आत साचतो.

आठवी पायरी: वार्निश

पिगमेंट शाईतही पाण्याबरोबर सावकाश उडणारे ग्लायकॉलसारखे द्रव असतात. वरून कोरडी दिसणारी प्रत आत ओलसर असते, म्हणून वार्निशपूर्वी किमान २४ तास, दमट हवेत दोन दिवस, ती उघडी ठेवावी. लगेच वार्निश दिले तर ते द्रव आत अडकतात आणि पृष्ठभाग ढगाळ दिसू शकतो.

पाण्यावर आधारित ॲक्रिलिक वार्निश फोमच्या रोलरने किंवा फवारणी यंत्राने देतात. छोट्या प्रतींसाठी डब्यातील स्प्रे सोपा आहे, मात्र तो मोकळ्या हवेत आणि मुखपट्टी लावूनच वापरावा. रोलरने देताना एक जाड थर देण्याचा मोह टाळून दोन पातळ थर द्यावेत, दुसरा पहिल्याच्या काटकोनात. रोलर जास्त दाबून वेगाने फिरवला की बुडबुडे राहतात. पाण्याच्या वार्निशाने कॅनव्हास वाळताना थोडा आकसतो. नेमके माप हवे असेल तर वार्निश वाळल्यावरच चित्र मोजून पट्ट्या जुळवाव्यात. आणि ताणणे नेहमी वार्निशनंतर, कारण ओल्या वार्निशाने ताणलेले कापड मध्ये झोळ खाते.

ताणताना प्रत्येक बाजूच्या मध्यापासून सुरुवात करून, समोरासमोरच्या बाजू आळीपाळीने घेत कोपऱ्यांकडे सरकावे. पट्ट्यांच्या कोपऱ्यांत पाचरी बसवण्याची सोय असलेली चौकट घ्यावी. काही महिन्यांनी कापड सैल झाले तर पाचरी हलकेच ठोकून ताण परत आणता येतो.

उरलेला रोल त्याच्या मूळ वेष्टनात, आडवा टांगून किंवा उभा, थेट उन्हापासून दूर ठेवावा. टोक उलगडू नये म्हणून चिकटपट्टी लावायची सवय असेल तर ती पृष्ठभागावर लावू नका: सच्छिद्र लेप गोंदातून आणि काही प्लास्टिकमधून निघणारी रसायने शोषतो आणि त्या जागी पिवळा डाग उमटतो. कागदी पट्टा गुंडाळून तो स्वतःलाच चिकटवावा. छापलेली, न ताणलेली प्रत पाठवायची असल्यास छापलेली बाजू बाहेर ठेवून, मध्ये आम्लमुक्त कागद घालून, किमान ३ इंच व्यासाच्या नळीवर सैल गुंडाळावी, आणि ती ज्याच्याकडे जाणार आहे त्याला उलगडल्यावर एक रात्र सपाट ठेवूनच ताणायला घ्यायला सांगावे.